हामानो किनुए यांचा इकामा क्रमांक

सौदी अरेबियातील अल खफजी या सीमेवरील गावी, तेलकंपनीच्या जुन्या वसाहतीत, करमणूक केंद्र या नावाचे एक लांबट दालन होते आणि त्या दालनाचा संपूर्ण कारभार हर्णैच्या उस्मान होडेकर याच्या एकट्याच्या खांद्यावर होता. कारभार म्हणजे काय, तर दर गुरुवारी सायंकाळी सात वाजता दिवे लावावयाचे, गाण्याचे यंत्र सुरू करावयाचे, नऊ वाजता ते बंद करावयाचे आणि वहीतील 'उपस्थित श्रोते' या रकान्यात शून्य लिहावयाचे. हे शून्य उस्मान गेली बारा-तेरा वर्षे अत्यंत सुबक अक्षरात लिहीत आला होता.

पूर्वी असे नव्हते. चोवीस वर्षांपूर्वी उस्मान या वसाहतीत जेवणाच्या मेसमध्ये वाढपी म्हणून आला, तेव्हा येथे जपानी अभियंत्यांचे राज्य होते. दिवसभर समुद्रातील विहिरींवर राबलेले हे गृहस्थ जेवण आटोपले की या दालनात जमत. पडद्यावर अक्षरे उमटत, पाठीमागे वाद्ये वाजत आणि एकेक जण हाती माईक घेऊन डोळे मिटून गाऊ लागे. त्या गाण्यांस एन्का म्हणतात. त्यांत बहुधा एक बंदर असते, एक निघून गेलेला पुरुष असतो, थंडी असते, आणि वाट पाहणाऱ्या बाईचा आवाज एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाताना मध्येच अशी काही गिरकी घेतो की ऐकणारा हातातले काम विसरतो. उस्मानला भाषा कळत नव्हती, परंतु बंदर कळत होते. हर्णैच्या माणसाला आणखी काय कळावयाचे असते?

या सर्व गायिकांत त्याच्या मनात भरल्या त्या हामानो किनुए. तबकडीच्या पाकिटावर त्यांचे जांभळ्या किमोनोतील छायाचित्र होते. एका वृद्ध अभियंत्याने आत छापलेले त्यांचे चरित्र उस्मानला मोडक्या इंग्रजीत वाचून दाखविले, आणि ते उस्मानने जन्मभरासाठी पाठ केले. जपानच्या उत्तर टोकाला ओतोबेहामा नावाच्या कोळी वस्तीत बाईंचा जन्म. वडील मासेमारीला गेले ते परतले नाहीत. पंधराव्या वर्षी बाई एका संगीतकाराच्या घरी शिष्या म्हणून राहिल्या. चार वर्षे त्यांनी गुरूंच्या घरची फरशी पुसली, कपडे धुतले, चहा केला, पण त्या अवधीत त्यांना एक ओळही गाण्याची परवानगी नव्हती. पुढे पहिली तबकडी निघाली, ती कोणी घेतली नाही. मग सात वर्षे गावोगावच्या तबकड्यांच्या दुकानांपुढे संत्र्यांच्या खोक्यावर उभे राहून त्या गायल्या. कधी समोर चार माणसे असत, कधी एक कुत्रा. आठव्या वर्षी बंदरावरच्या बर्फाळ पावसाचे एक गाणे देशभर गाजले, आणि मग वर्षअखेरच्या मोठ्या समारंभात त्या बारा वेळा गायल्या. आता सत्तरी गाठूनही लहान गावांच्या सभागृहांत त्या गात असतात. आपल्याकडे एखाद्या वली-अवलियाची हकिकत सांगावी, तसे हे सर्व उस्मान सांगत असे.

त्याची ही निष्ठा पाहून जपानी लोकांनी त्याला वाढप्याचा ध्वनितंत्रज्ञ केला. इकाम्यावर, म्हणजे येथे राहण्याच्या परवान्यावर, तसा व्यवसाय लागल्यामुळेच तो पत्नी खैरुन्निसाला येथे आणू शकला आणि कन्या अरवा येथेच जन्मली. पुढे सन दोन हजारात जपान्यांचा करार संपला, ते निघून गेले, परंतु वसाहतीच्या देखभालीच्या ठेक्यात 'करमणूक केंद्र, तंत्रज्ञ एक' ही ओळ राहून गेली. ठेके बदलले, ठेकेदार बदलले, ओळ तशीच राहिली, आणि तिच्या आधाराने उस्मानही राहिला.

आणि मग निताकत आले. कोणत्या कंपनीत किती सौदी आणि किती परदेशी, यावरून तिला लाल, पिवळा किंवा हिरवा रंग देण्याची ही सरकारी योजना होय. उस्मानची ठेकेदार कंपनी हिरव्या रंगाच्या काठावर कशीबशी बोटे रोवून उभी होती. प्रत्येक परदेश्याने आपली विद्या एका सौदी माणसास शिकवावी आणि मग आपले सामान आवरावे, असा हुकूम सुटला.

उस्मानला जाण्याचे दुःख नव्हते. हर्णैला घर होते. परंतु अरवा दहावीत होती. परीक्षा मार्चमध्ये होती, बोर्डाची नोंदणी इथल्या शाळेतून झाली होती, आणि बापाचा इकामा संपला की बायकोमुलीचाही संपतो.

"बाबा, रजिस्ट्रेशन हो चुका है," अरवाने पुस्तकातून डोके वर न काढता सांगितले. "नाऊ दे वोन्ट चेंज द सेंटर. मार्च तक मॅनेज करो."

"ऐकलंत ना?" खैरुन्निसा म्हणाली. "मार्चपर्यंत. त्यानंतर मला हर्णैला न्या नाहीतर समुद्रात बुडवा."

कंपनीच्या कर्मचारी विभागात उमाकांत सावदेकर नावाचा भुसावळकडचा कारकून होता. त्याने नोव्हेंबरात उस्मानसमोर एक फॉर्म ठेवला.

"उस्मानभाई, हा ज्ञानहस्तांतरणाचा फॉर्म. किती आठवडे शिकवणार ते तुम्हीच लिहायचं. शिक्षण चालू आहे तोवर तुम्हाला कोणी हात लावत नाही."

"अठरा आठवडे लिहिले तर?"

"एक बटण दाबायला अठरा आठवडे?"

"उमाकांतराव, बटण सगळ्यात शेवटी असतं."

उस्मानने तो फॉर्म घरी नेऊन तीन दिवस भरला. अभ्यासक्रम त्याने किनुएबाईंच्या चरित्रावरून बेतला. पहिले पाच आठवडे दालनाची झाडलोट व तबकड्या पुसणे, पुढील चार आठवडे केवळ श्रवण, त्यानंतर स्वर, त्यानंतर खोक्यावर उभे राहून गाणे. बटण अठराव्या आठवड्यात होते. यात त्याने कोणतीही लबाडी केली नव्हती. कोणतीही विद्या याहून लवकर येते, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत नव्हते.

घोटाळा झाला तो पुढच्या रकान्यात. 'तज्ज्ञाचे नाव' असे तेथे छापले होते. उस्मानचे घराणे होड्या बांधणाऱ्यांचे. त्याच्या आजोबांच्या होडीची कोणी वाखाणणी केली, तर ते आधी कानाच्या पाळीला हात लावून आपल्या उस्तादाचे नाव घेत आणि मगच चहा पीत. अशा घरात वाढलेल्या माणसाने तज्ज्ञ म्हणून स्वतःचे नाव लिहिणे ही बेअदबी ठरली असती. त्याने कानाला हात लावला आणि लिहिले: हामानो किनुए. राष्ट्रीयत्व: जपानी. अनुभव: एकावन्न वर्षे. जोडपत्र म्हणून त्याने संपूर्ण चरित्र दोन पाने लिहून लावले. स्वतःचे नाव 'यंत्र हाताळणारा' या ओळीत घातले. उमाकांतने न वाचता शिक्का मारला, आणि फॉर्म वर गेला.

शिकाऊ म्हणून जो आला, त्याचे नाव हाशम. वय बेचाळीस, चार मुलांचा बाप, अंगाने भरभक्कम. आकडा भरण्यासाठी कंपनीने त्याला घेतले होते, आणि ते तोही जाणून होता.

"उस्ताद, मी घरी बसलो तरी पगार येईल, असं मला सांगितलं आहे," पहिल्याच दिवशी तो म्हणाला.

"मग आलास कशाला?"

"घरी बायको आहे."

उस्मानने त्याच्या हाती फडके दिले. हाशमने ते असे धरले, जणू मेलेला मासा धरला आहे.

"मी पुसायचं? सौदी माणसाने?"

"किनुएबाईंनी चार वर्षे पुसलं. तुला पाच आठवडे आहेत. माणूस पाहून सवलत दिली आहे."

हाशमने दोन दिवस त्रागा केला, तिसऱ्या दिवशी तो पुसू लागला आणि दुसऱ्या आठवड्यात कोणत्या तबकडीवर कोणता ओरखडा आहे हे त्याला पाठ झाले. श्रवणाच्या आठवड्यांत तो प्रथम झोपला. मग एके दिवशी बंदराच्या गाण्याला त्याचे डोळे उघडले.

"माझे आजोबा मोती काढणाऱ्या गलबतावर गायचे," तो म्हणाला. "पाणबुडे खाली गेले, की वर येईतो गायचं, एवढंच त्यांचं काम. ही बाई तसंच गाते. खाली गेलेला माणूस वर येत नाही, आणि ही थांबत नाही."

उस्मानने चोवीस वर्षांत कोणाच्याही तोंडून इतके योग्य वाक्य ऐकले नव्हते. त्या दिवशी घरी येऊन त्याने खैरुन्निसाला सांगितले की मला शिष्य मिळाला.

"त्या बाईची फरशीची गोष्ट त्याला सांगितलीत ना?" ती भाकरी थापत म्हणाली. "तिच्यातली एक दुपार स्वतःही करून बघा. ही समोरची फरशी मोकळीच आहे."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुदीर अली साहेबांनी, म्हणजे व्यवस्थापकांनी, उस्मानला कचेरीत बोलावले. अली साहेब वाईट मनुष्य नव्हते. समोरच्या कागदावर जे लिहिले आहे तेवढेच जगात आहे, असे ते मानत असत इतकेच. उमाकांत भिंतीलगत उभा होता आणि त्याचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला होता.

"तुझ्या विभागात दोन परदेशी आहेत," अली साहेब म्हणाले. "संगणक सांगतो. दुसऱ्या बाईचा इकामा क्रमांक कुठे आहे?"

"कोणत्या बाई, साहेब?"

"हामानो."

उस्मानला प्रथम आनंद झाला. साहेबांनी बाईंचे नाव अगदी शुद्ध उच्चारले होते.

"साहेब, त्या जपानमध्ये असतात."

"रजेवर?"

"नाही. त्या इथे कधी आल्याच नाहीत."

"म्हणजे गैरहजर," असे म्हणून अली साहेबांनी लिहिले. "नेमणूक कधीची?"

"साहेब, त्या गायिका आहेत. मी त्यांना उस्ताद मानतो, म्हणून त्यांचं नाव लिहिलं."

"मानतोस की नाही हा तुझा प्रश्न. यादीत त्या आहेत. त्या एका नावामुळे आपली कंपनी हिरव्यातून पिवळ्यात चालली आहे. या महिनाअखेरीस तुमच्या दोघांपैकी एकाला जावं लागेल. यल्ला, नीघ आता."

बाहेर येताच उस्मानने उमाकांतला गाठले. "उमाकांतराव, चूक झाली म्हणून सांगून टाका ना."

"हळू बोला. तज्ज्ञाच्या रकान्यातलं नाव मी कर्मचारी यादीत टाकलं. न वाचता. हे कळलं तर आधी मी जाईन. आणि संगणकात माणूस घालता येतो हो, काढता येत नाही. काढायचा तर विमानतळावरूनच."

"जी बाई आली नाही, तिला विमानतळावरून कशी काढणार?"

"तेच तर," उमाकांत म्हणाला. "तुम्हाला काढणं सोपं आहे."

मग तीन जणांची समिती बसली. समितीने दोन्ही कर्मचाऱ्यांची पात्रता शेजारी शेजारी मांडली. उस्मान होडेकर: शिक्षण आठवी, अनुभव चोवीस वर्षे, त्यातील काही वाढप्याचा. हामानो किनुए: अनुभव एकावन्न वर्षे, सहाशे गाणी, राष्ट्रीय समारंभात बारा वेळा सहभाग, गुरुगृही निवासी प्रशिक्षण. बाईंच्या नावापुढे 'दीर्घ गैरहजेरी' असा शेरा होता खरा, परंतु इतक्या योग्यतेच्या व्यक्तीस कंपनीने गमावू नये, असे समितीचे एकमत झाले. उस्मानला पत्र मिळाले. एकतीस जानेवारीनंतर त्याच्या सेवेची आवश्यकता नव्हती.

खैरुन्निसाने ते पत्र दोनदा वाचून घेतले.

"इतकी वर्षं सवत म्हणून मी जिला हसत आले, तिने शेवटी मला घराबाहेर काढलंच," ती म्हणाली.

अरवाने पुस्तक मिटले आणि पुन्हा उघडले. ते उस्मानला अधिक लागले.

उमाकांतला, झाले ते आपल्यामुळे झाले, याची जाणीव होती. दोन दिवस नियमांचे पुस्तक चाळून तो दालनात आला.

"एक वाट आहे. तज्ज्ञाची कामगिरी असमाधानकारक ठरली तर तज्ज्ञाला काढता येतं. म्हणजे काय, तर हाशमची परीक्षा घ्यायची. तो नापास, तर बाई नालायक. बाई जाणार, तुम्ही राहणार, आणि शिक्षण पुन्हा पहिल्यापासून सुरू."

"परीक्षा कोण घेणार?"

"अली साहेब. पण त्यांना यातलं काय कळतंय? ते तुम्हालाच विचारतील. तुम्ही एकच शब्द बोलायचा, 'वाईट'. खलास."

कोपऱ्यात तबकड्या लावीत असलेल्या हाशमला मराठी येत नव्हती, परंतु उस्मानचा चेहरा येत होता. त्याने सर्व विचारून घेतले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काहीतरी आले होते, आणि तेच येत नाही असे आता चारचौघांत सिद्ध व्हावयाचे होते.

"तुमची मुलगी दहावीत आहे, माझी आठवीत," शेवटी तो म्हणाला. "मी वाईट गाईन, उस्ताद. तुम्हाला खोटं बोलायला लागणार नाही."

परीक्षेच्या दिवशी सकाळी खैरुन्निसाने उस्मानचा सदरा इस्त्री करून दिला. "एक शब्द, 'वाईट'. माझ्या कालवणाला रोज म्हणता, तसाच म्हणा. जीभ रुळलेली आहे."

अकरा वाजता अली साहेब व उमाकांत दालनात आले. वहीत शून्याऐवजी दोन लिहावे काय, असा विचार उस्मानच्या मनात येऊन गेला, परंतु तो गुरुवार नव्हता. कहवा दिला गेला. हाशम संत्र्यांच्या खोक्यावर चढला, कारण ती शिस्त होती, आणि बंदराच्या गाण्याची वाद्ये सुरू झाली.

पहिले कडवे त्याने दिलेल्या शब्दाप्रमाणे गायले. उलटी मागे सरकणारी पाण्याची टाकीगाडी जसा आवाज करते तसे ते झाले. अली साहेबांनी प्याला खाली ठेवला. उमाकांत समाधानाने छताकडे पाहू लागला. उस्मानचे मात्र दोन्ही पाय चपलांत आखडले होते. लेकीचे वर्ष वाचत आहे हे त्याला कळत होते, आणि तरीही, आपल्यासमोर बाईंची कोणी वेणी ओढीत आहे असे त्याला वाटत होते.

दुसऱ्या कडव्यात बाई धक्क्यावर उभी राहते. बोटी परतात, दोर बांधले जातात, आणि तिची बोट त्यांत नसते. इथेही हाशमने मुद्दाम बिघडविण्यासाठी तोंड उघडले असावे. परंतु त्याचा आवाज त्याचे ऐकेना. तो आपसूक खाली उतरला, अगदी तळाशी गेला, आणि तिथून वर येताना त्याने ती गिरकी घेतली, जी त्याला उस्मानने शिकविली नव्हती, कारण ती उस्मानलाही येत नव्हती. गलबतावर उभा राहून कोणी पाण्याकडे पाहत गावे तसे ते गाणे झाले.

"वा," उस्मान म्हणाला.

उमाकांतने डोळे मिटून घेतले.

गाणे संपले. अली साहेबांनी घसा खाकरला. "मला यातलं कळत नाही. तू सांग. चांगलं की वाईट?"

उस्मानने 'वाईट' हा शब्द तोंडात आणला. तो तिथे होता, खैरुन्निसाने सकाळीच दिला होता. हाशम खोक्यावरून त्याच्याकडे पाहत होता. 'म्हणा' असेच तो डोळ्यांनी सांगत होता, आणि तरी एखाद्या परीक्षार्थ्याप्रमाणे निकालाची वाटही पाहत होता.

"चांगलं, साहेब," उस्मान म्हणाला. "पहिलं कडवं त्याने माझ्यासाठी बिघडवलं. दुसरं जे गायला, ते बाईंनी ऐकलं असतं तर त्याला फडकं खाली ठेवायला सांगितलं असतं."

"म्हणजे पास?"

"पास."

अली साहेबांनी तसे लिहिले आणि ते निघून गेले. उमाकांत जाता जाता एवढेच म्हणाला, "उस्मानभाई, तुम्ही स्वतःच्या हाताने केलंत हो." हाशम खोक्यावरच बसून राहिला. "मी प्रयत्न केला होता," तो म्हणाला. "मी पाहिलं," उस्मान म्हणाला. घरी जाऊन काय सांगावे हे त्याला सुचले नाही, म्हणून त्याने घरी जाऊन खरे ते सांगितले. खैरुन्निसाने टोमणा मारला नाही. तिने खोलीतल्या बॅगा खाली काढल्या.

शनिवारी पुन्हा कचेरीतून बोलावणे आले. उस्मान इकामा बरोबर घेऊन गेला, कारण तो आता परत करावयाचा होता. अली साहेब प्रसन्न दिसत होते.

"आपल्या कंपनीत आजपर्यंत ज्ञानहस्तांतरण पूर्ण झालेलं हे पहिलं प्रकरण," ते म्हणाले. "इतर सर्व ठिकाणी शिक्षण चालूच आहे. कोणी संपवतच नाही. उमाकांत, नववं कलम वाच."

उमाकांतने वाचले, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बदलत गेला. ज्ञान समाधानकारकरीत्या हस्तांतरित होताच परदेशी तज्ज्ञाची सेवा समाप्त करून त्यास सन्मानपूर्वक स्वदेशी पाठविण्यात यावे, व त्याचे पद शिकलेल्या नागरिकास देण्यात यावे.

"तज्ज्ञ कोण?" अली साहेबांनी विचारले.

"हामानो किनुए," उमाकांत म्हणाला.

"मग त्यांची रवानगी. हाशम आता तज्ज्ञ. आणि यंत्र हाताळायला एक माणूस लागेलच, ठेक्यात तशी ओळ आहे. विभागात एकच परदेशी उरतो, म्हणून तुझं पत्र रद्द. ठेका एप्रिलअखेर आहे, तोवर राहा."

उस्मान उभाच राहिला. हाशम नापास झाला असता तरी बाईच जाणार होती, पास झाला तरी बाईच गेली. त्या रकान्यात आपण आपले नाव लिहिले असते, तर इतके उत्तम शिकविल्याबद्दल आज आपल्याला सन्मानपूर्वक पाठविले असते, हे त्याच्या हळूहळू ध्यानात आले.

उमाकांतने रवानगीचा कागद पुढे केला. 'परत जाणाऱ्या कर्मचाऱ्याची सही' ही जागा कोरी होती.

"त्या गैरहजर आहेत," अली साहेब म्हणाले. "तूच कर त्यांच्यातर्फे."

उस्मानला जपानी लिपीतील चारच अक्षरे येत होती, आणि ती तबकडीच्या पाकिटावरील बाईंच्या नावावरून नजरेने गिरवून आलेली होती. त्याने खुर्ची मागितली, बसला, आणि ती चार अक्षरे त्याने रांगोळी काढावी तशी सावकाश काढली. अली साहेबांनी कागद वळवून पाहिला.

"इतकी शिकलेली बाई," ते म्हणाले. "अशा माणसाला जाऊ देताना वाईट वाटतं. पण कायदा आहे."

"परतीचं तिकीट कुठपर्यंतचं लिहू?" उमाकांतने विचारले. ती जागाही भरल्याशिवाय कागद पुढे सरकत नव्हता.

"ओतोबेहामा," उस्मान म्हणाला.

उमाकांतने संगणकात पाहिले. "तिथे विमानतळ नाही."

"मग बंदरापर्यंत लिहा. पुढे त्या बोटीने जातील."

उमाकांतने तसे लिहिले.